फायटरच्या पिल्लांसाठी मोइनाचा टब

पोळ्याच्या आठवड्यात माझ्या फायटर माशांच्या जोडीने अंडी दिली. नराने बदामाच्या पानाखाली फेसाचं घरटं केलं होतं. दीड दिवसात अंडी फुटली आणि आणखी तीन दिवसांनी स्वल्पविरामाएवढी शे-दीडशे पिल्लं आडवी पोहायला लागली. नर बाहेर काढला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रश्न आला: आता यांना खायला काय?

माशांच्या दाण्याची पूड चोळून टाकली, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून दिला, तर दुसऱ्या दिवशी पाणीच नासलं. आठवड्याभरात टाकी रिकामी. नागपुरात सीताबर्डीच्या मासेवाल्या दुकानदाराला सांगितलं तर तो हसला. "भाऊ, ते हलणारंच खातात. पहिले खाणं तयार करा, मग जोडी लावा."

दिवाळीनंतर पुन्हा मांडामांड केली, या वेळी उलट्या क्रमाने. आधी एका बरणीत टाकीचंच जुनं पाणी आणि केळ्याच्या सालीचा तुकडा. चार-पाच दिवस ते गढूळ होतं, वास मारतं, मग निवळतं. उन्हात धरलं की बारीक ठिपके तरंगताना दिसतात. हे इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, पहिल्या तीन-चार दिवसांचं खाणं. ड्रॉपरने द्यायचं.

त्यानंतर आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव. त्याची सुकी अंडी बाटलीत मिळतात. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगली. लिटरभर पाणी, 25 ग्रॅम जाडं मीठ, पाव चमचा अंडी आणि तळापर्यंत हवेची नळी. पाणी 27-28 अंशांवर असेल तर एका दिवसात अंडी फुटतात. हवा बंद करून तळाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी धुरासारखी पिल्लं उजेडाकडे खाली गोळा होतात. ती नळीने काढून, जुन्या रुमालात गाळून, गोड्या पाण्याने धुऊन लगेच द्यायची. उशीर केला तर ती पोटातलंच साठवण खाऊन टाकतात आणि मग माशाच्या वाट्याला काय उरणार? डिसेंबरच्या थंडीत मात्र दोन दिवस उलटले तरी बाटली ढिम्म. शेवटी शेजारी 40 वॅटचा पिवळा बल्ब लावला.

पण अंड्यांची बाटली महाग आणि रोजचा उपद्व्याप. म्हणून मोइना. एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा हा जीव, पाण्यात धुळीचे कण उड्या मारताहेत असं वाटतं. डाफ्निया नावाच्या पाणपिसूचा जवळचा नातेवाईक, पण मोठ्या डाफ्नियापेक्षा ऊन जास्त सोसतो, म्हणून नागपुरात हाच बरा. दुकानदाराकडून पाण्याच्या बाटलीत स्टार्टर, म्हणजे विरजणासारखे थोडे जिवंत मोइना, आणलं आणि गॅलरीतल्या 40 लिटरच्या टबात सोडलं. खाणं म्हणजे कोमट पाण्यात विरघळवलेलं चिमूटभर यीस्ट.

सहाव्या दिवशी टबात गुलाबीसर ढग फिरत होते. मला आनंद आवरेना, मी यीस्ट दुप्पट केलं. सकाळी पाणी दुधासारखं, वर पांढरी साय, गॅलरीत गटाराचा वास आणि सगळं लष्कर तळाशी. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "मासे पाळले होते न रे तू?"

दुसरं कल्चर, म्हणजे टबातली मोइनाची पैदास, गर्दीने गेलं. काढून घ्यायचा जीव होईना, म्हणून वाढू दिलं आणि एका रात्रीत बसलं. तिसऱ्यांदा पाणी कमी झालं म्हणून नळाचं थेट ओतलं. पेंच धरणाचं नळाचं पाणी आपल्याला गोड, पण त्यातलं क्लोरीन यांचा जीव घेतं. दोन दिवस उघडं ठेवलेलंच पाणी घालायला हवं होतं.

आता यीस्ट मोजतच नाही. टबातलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरायचं. कालचा धुरकटपणा गेला नसेल तर आज उपास. जमेल तेव्हा यीस्टऐवजी हिरवं पाणी देतो. टाकीचं काढलेलं पाणी बरणीत घालून गच्चीवर ठेवलं की आठ-दहा दिवसांत शेवाळाने हिरवंगार होतं. शेवाळ जिवंत असतं, यीस्टसारखं कुजत नाही. आणि रोज पाव हिस्सा मोइना काढायचाच, माशांना भूक असो नसो.

मोइनाला एरवी नर लागत नाही, माद्याच माद्यांना जन्म देतात. दिवस वाईट आले की नर जन्मतात आणि कठीण कवचाची अंडी पडतात. मेलेल्या पहिल्या टबाचा गाळ मी आळसापायी तसाच वाळू दिला होता. जानेवारीत त्यावर शिळवलेलं पाणी घातलं आणि काही दिवसांनी सकाळी वाकून पाहतो तर सात-आठ कण टुणटुण उड्या मारताहेत! त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला.

मधे एक फजितीही झाली. नोव्हेंबरात कूलर आणि कुंड्या तपासायला आलेल्या ताईंनी माझ्या टबात वाकून पाहिलं. मोइनासोबत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "मासे खातात," मी म्हणालो. "आधी खातील, मग उडतील," असं म्हणून त्यांनी टब माझ्यासमोर मोरीत पालथा केला. चूक माझीच होती, डेंग्यूचे दिवस होते. मोठ्या फायटरला अळ्यांइतकं आवडतं खाणं नाही हे खरं, पण आठवड्या-दहा दिवसांत त्यांचा डास होतो आणि शेजारी काकूंना चावतो. आता टबावर मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधलेला असतो, आणि दोन बादल्या वेगळ्या खोल्यांत राखीव.

फायटरची 40 पिल्लं जगली. दोन-अडीच महिन्यांत नर एकमेकांवर धावायला लागले, तेव्हा घरातल्या सगळ्या बरण्या कामी आल्या. लोणचं कुठे घालायचं हा प्रश्न उभा राहिला, तो अजून सुटलेला नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मात्र मोइनाही हरतो. गॅलरीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापायला लागलं, तेव्हा टब आत आणला, माठासारखी ओली गोणपाटं गुंडाळली आणि बैठकीत कूलरसमोर ठेवला. ती आईच्या खुर्चीची जागा होती. खुर्ची आता दोन फूट डावीकडे आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आई स्वतःहून सांगते की इथे कोण बसतं.