तुम्ही विचारलंत म्हणून: लेक रटगर्सला का गेली

“एवढी हुशार पोरगी, आणि घराजवळच्या सरकारी युनिव्हर्सिटीत का घातलीत?” न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाबद्दल नाशिकहून वहिनीने फोनवर विचारलं. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तिघींनी विचारलं. खालच्या मजल्यावरच्या काकू तर दर भेटीत नव्याने विचारतात. प्रत्येकीला मी वेगळंच काहीतरी सांगत आले: जवळ बरं पडतं, फी कमी आहे, तिलाच आवडलं. आता एकदाच सगळं लिहिते.

पैशाचं आधी सांगते, कारण ते सांगणं सोपं आहे. ती अर्ज करत होती त्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, बऱ्याच नावाजलेल्या खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या पुढे गेला होता. लेक एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळतो त्या व्हिसावर. चार वर्षांची असताना आली, बालवाडीपासून सगळं शिक्षण न्यू जर्सीत झालं, पण त्यातल्या बहुतेकांच्या लेखी ती परदेशी विद्यार्थिनी. सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म आमच्यासाठी नाहीच. परदेशी मुलाने पैशाची मदत मागितली तरी त्याचा प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होऊ देत नाहीत अशी विद्यापीठं मोजकी, प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल, एमआयटी वगैरे, आणि तिथे शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणांना प्रवेश मिळतो. शिवाय २०२८ मध्ये ती २१ वर्षांची होईल. तोपर्यंत ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर लागला नाही, तर आमच्या व्हिसावरून तिचं नाव उतरणार आणि तिला स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागणार. कर्ज काढून एवढी उडी मारायची तरी कशाच्या भरवशावर?

हे सगळं खरं आहे. पण एवढंच असतं तर मी पहिल्याच फोनवर सांगून मोकळी झाले असते.

त्या बारावीच्या वर्षात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक विद्यापीठांना अर्ज करायची वेबसाइट, उघडलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला तो जानेवारीपर्यंत हलला नाही. शाळेबाहेरच्या उपक्रमांसाठी त्यात दहा रकाने असतात, प्रत्येकात दीडशे अक्षरं. तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात तलावावर लाइफगार्डची नोकरी करायच्या, आइस्क्रीमच्या दुकानात उभ्या राहायच्या. एच-४ वर हिला पगाराचं एकही काम करता येत नव्हतं. तिचे शेवटचे तीन रकाने रिकामे राहिले. ते तीन रकाने बघून माझ्या पोटात गोळा यायचा. मी नंतर जे केलं त्याचं मूळ तिथे आहे असं मी स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी पटत नाही.

मुख्य निबंध तिने सप्टेंबरमध्येच लिहिला होता. विषय होता लँटर्नफ्लाय. इकडे राहता त्यांना माहीत आहे: राखाडी पंखांवर काळे ठिपके, आतून लालभडक, परदेशातून आलेला, झाडांचा रस शोषणारा किडा. दिसला की पायाखाली चिरडा असं सरकारच सांगतं. ती हिवाळ्यात आमच्या अपार्टमेंटमागच्या झाडांवरची त्याची अंडी खरवडायची. वाळलेल्या चिखलाच्या लपक्यासारखी दिसतात ती, एकेका लपक्यात तीस ते पन्नास अंडी. लायब्ररीचं जुनं कार्ड घेऊन ती हळूहळू सोलायची, हँड सॅनिटायझर भरलेल्या पिशवीत टाकायची आणि वहीत आकडा मांडायची. निबंधात तिने लिहिलं होतं की हे काम करायलाच हवं हे तिला कळतं, झाडं वाचवायला हवीत हेही कळतं, पण “इथला नाही तो मारायचा” हे वाक्य शाळेतल्या पोस्टरवर वाचलं की ती क्षणभर थांबते. बाकी काही स्पष्टीकरण दिलं नव्हतं.

मी वाचलं आणि म्हटलं, “किड्यांवर निबंध? एवढे कष्ट करून किड्यांवर?”

आम्ही एक सल्लागार लावला होता, तासावर पैसे घेणारा. त्याने विचारलं, घरात काही मोठं दुःख, संघर्ष? लेक गप्प बसली. मी बोलले. तिच्यासमोर, तिला न विचारता, मी माझ्या वडिलांचं सांगितलं.

तुम्हाला ठाऊक आहे ते. मे २०२१. दादा गेले तेव्हा भारतातून अमेरिकेत येण्यावर ४ मेपासून बंदी लागलेली होती. मी गेले असते तर परत येता आलं नसतं. भावाने अमरधाममधून फोन धरला, आम्ही दोघी इथे पलंगावर बसून पाहत होतो. तो पीपीई किटमध्ये होता, हात थरथरत होता, मध्येच कॅमेरा आभाळाकडे फिरला आणि बराच वेळ नुसतं पांढरं आभाळ दिसत राहिलं. लेक तेरा वर्षांची होती. चार्जरची वायर तोकडी म्हणून ती प्लगपाशी वायर ताणून धरून उभी होती.

सल्लागार म्हणाला, हाच तुमचा निबंध. मी तिला म्हटलं, “तू आजोबांवर लिही.” ती नाही म्हणाली. मी रोज म्हटलं. ऑक्टोबरच्या मध्यावर तिने लिहिला.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि अर्ली डिसिजनची शेवटची तारीख एकाच दिवशी आली, १ नोव्हेंबर. प्रवेश मिळाला तर तिथेच जाईन असं लिहून देऊन करायचा अर्ज. पूजा झाली. चौरंगावर लाह्या-बत्तासे तसेच होते, समई जळत होती, आणि आम्ही दोघी टेबलाशी. मर्यादा ६५० शब्दांची, तिचे झाले होते ६७१. रात्रीचे दहा वाजून गेलेले.

मी वाचत गेले. मधे एक वाक्य होतं, लांबलचक. आजोबांनी पावसाळ्यात काडेपेटीला भोकं पाडून तिला सोनकिडा आणून दिला होता आणि म्हणाले होते, “घे, आता कर हवे तेवढे किडे.” लहानपणी ती एका जागी बसायची नाही, दादांचं हे नेहमीचं बोलणं. सुट्टीत नाशिकला गेलो की दोघं पाऊस उघडल्यावर झुडपं धुंडाळत फिरायची. मी म्हटलं, “हे काढ. इंग्रजीत ‘किडे करणं’ कुणाला कळणार? त्यांना काही अर्थ लागायचा नाही.”

ती म्हणाली, “मला लागतो ना.”

मी म्हटलं, “तू नाही निवडणार आहेस, ते निवडणार आहेत.” आणि मग, हे लिहिताना आत्ताही हात थांबतोय, मी म्हटलं, “आभाळ दिसतं तिथे अजून थोडं लिही. वाचणाऱ्याला रडू यायला पाहिजे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. सोनकिड्याचं वाक्य निवडलं, खोडलं. खालचा आकडा बरोबर ६५० झाला. पावणेबाराला अर्ज गेला. कॉमन ॲपच्या पडद्यावर अर्ज गेल्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडतो, तो पडला. मी म्हटलं, “जा, देवीला नमस्कार कर.” ती सरळ तिच्या खोलीत गेली.

डिसेंबरमध्ये नकार आला. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाही. मी रडले. ती रडली नाही. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली तेव्हा म्हणाली, “आई, बरं झालं. घेतलं असतं तर चार वर्षं आजोबांच्या जिवावर तिथे राहावं लागलं असतं.”

मी चिडले. खरं सांगते, मी खूप चिडले. दुःख माझं होतं, बाप माझा गेला होता, आणि मी तो कुणासाठी मांडला होता? या देशात आमचं काहीच पक्कं नाही, निदान पोरीच्या हातात एक मोठं नाव असावं, एवढंच मला वाटत होतं. आज विचारलंत तरी मी हेच सांगेन. पण तेव्हाच्या मला आज एकच विचारावंसं वाटतं: दुःख तुझं होतं तर तिच्या तोंडून का वदवलंस? यावर त्या बाईकडे उत्तर आहे, “मला निबंध लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.” आम्ही दोघी इथेच अडकतो.

बाकीच्या अर्जांत तिने मला न विचारता लँटर्नफ्लायचा निबंध परत घातला. मार्चमध्ये एका खासगी विद्यापीठाने घेतलं, मदत शून्य. रटगर्सने घेतलं. एप्रिलभर तिचे बाबा आकडेमोड करत राहिले, आणि एप्रिलच्या अखेरीस तिने रटगर्सचं नक्की करून टाकलं. न्यू ब्रन्सविकला कुक कॅम्पसवर कीटकशास्त्राचा विभाग आहे, तिला तिथेच जायचं आहे असं तिने सांगितलं. मला वाटतं ते खरं आहे. कधी वाटतं, पैशाचं ओझं आमच्यावर नको म्हणून तिने ते कारण शोधलं. कधी वाटतं, त्या रात्रीनंतर माझ्या हाताला लागलेलं काहीही तिला नको होतं. विचारलं तर म्हणते, “अगं, मला आवडतं तिथे.” तुम्ही मला विचारता तशीच मी तिला विचारत असते, आणि तीही मला तेच देते जे मी तुम्हाला देत आले.

म्हणून “घातलीत” म्हणू नका. आम्ही तिला कुठेही घातलेलं नाही.

मागच्या महिन्यात तो निबंध जुन्या लॅपटॉपवर सापडला. गूगल डॉक्समध्ये आधीच्या सगळ्या आवृत्त्या राहतात. १ नोव्हेंबर उघडलं, रात्री दहा अठ्ठावन्न. सोनकिड्याचं वाक्य तिथे होतं, रंगीत अक्षरांत, आडवी रेघ मारलेलं. मी शब्द मोजले. एकवीस. ते वहीत उतरवून घेतले आहेत. शनिवारी ती कपडे धुवायला घरी येते. दोन शनिवार झाले, वही टेबलावरच असते, आणि ती यायच्या आधी मी ती उचलून ठेवते.