थकबाकी शून्य, फाइल अपुरी

विलेपार्ल्याच्या एका सोसायटीच्या खजिनदारांचा सकाळीच फोन आला. इमारत पाच मजल्यांची, मजल्यावर चार सदनिका, एकूण वीस बिलं. "अहो, पाचव्या मजल्याची बिलंच नाहीत. ५०१ चं नुसतं डोकं दिसतंय, पुढे कोरं." दुपारपर्यंत मुलुंड, बोरिवली, गिरगाव अशा ठिकाणांहून तीच तक्रार आली, आणि सगळीकडे गायब होता तो वरचा मजला. सोसायट्यांची देखभाल बिलं बनवून ईमेलने पाठवणाऱ्या आमच्या प्रणालीत ती सदनिका क्रमांकाने लागतात. त्यामुळे फाइलचं शेपूट तुटलं की भुर्दंड वरच्या मजल्याला.

या बिलांची फाइल डिस्कवर लिहिली जात नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कोडमध्ये ती मेमरीतच तयार होते: खाली बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीम, म्हणजे मेमरीत बाइट साठवणारा भाग, आणि त्यावर यूटीएफ-८ (चिन्हांचे बाइट बनवण्याची पद्धत) सांगून उभा केलेला प्रिंटरायटर, म्हणजे मजकूर लिहिणारा भाग. सेवाशुल्क, सिंकिंग फंड, पाणीपट्टी, पार्किंग, बिनभोगवटा शुल्क अशा ओळी लिहून झाल्या की टूबाइटअ‍ॅरेने बाइट काढायचे आणि ईमेलला जोडायचे. तात्पुरत्या फाइलींचा पसारा नको आणि जोडणीचा आकार आधी कळावा, म्हणून ही रचना, आणि ती योग्यच आहे.

पहिला संशय ईमेल सर्व्हरवर गेला. तो काही मिनिटांत मिटला, आणि मिटवला तो देवनागरीनेच. पार्ल्याची फाइल "सदनिका क्" इथे थांबली होती. पाय मोडलेला क शिल्लक, पुढचा र नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. वाटेत कुठे बाइट मोजून काप बसला असता, तर बऱ्याच फाइलींत एखादं चिन्ह मधोमध चिरलं जाऊन काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं असतं. इथे एकाही फाइलीत ते नव्हतं. जोडाक्षर तुटलं होतं, पण प्रत्येक चिन्ह अखंड होतं. म्हणजे चिन्हांचे बाइट जिथे बनतात, त्या टप्प्यावर किंवा त्याच्या आधी मजकूर अडकला होता.

मग आकार पाहिला: ४०,९५७ बाइट. ८,१९२ च्या पाचपटीला, म्हणजे ४०,९६० ला, फक्त तीन कमी. इतर अपुऱ्या फाइलीही अशाच ८,१९२ च्या पटीच्या किंचित खाली होत्या. हा आकडा दिसला की जावात काम करणाऱ्याने बफरकडेच वळावं, म्हणजे मजकूर भरेपर्यंत साठतो आणि मगच पुढे जातो त्या तात्पुरत्या जागेकडे. नेमकी पट का नाही, तर बफरच्या शेवटी एक-दोन बाइटची जागा उरली तर तीन बाइटचं चिन्ह त्यात मावत नाही. एन्कोडर, म्हणजे चिन्हांचे बाइट बनवणारा भाग, तो बफर तसाच पुढे ढकलतो आणि नव्याने सुरुवात करतो. रोमन लिपीतल्या मजकुराचा आकार नेमका पटीत आला असता.

आता मुख्य भाग. प्रिंटरायटरला बाइटांचा स्ट्रीम दिला, तर तो मध्ये स्वतःहून दोन थर घालतो: ८,१९२ चिन्हांचा बफर्डरायटर आणि त्याखाली आउटपुटस्ट्रीमरायटर, ज्याच्या एन्कोडरकडे ८,१९२ बाइटचा वेगळा बफर असतो. एक बिल साधारण १,५०० चिन्हांचं, वीस बिलांची ३०,००० चिन्हं. वरच्या बफरातून तीनदा ८,१९२, म्हणजे २४,५७६ चिन्हं खाली गेली. उरलेली ५,४२४ तिथेच राहिली. खाली उतरलेल्या मजकुराचे सुमारे ४१,८०० बाइट झाले, कारण आकडे आणि रिकाम्या जागा एकेका बाइटच्या असतात. त्यातले पाच पूर्ण बफर पुढे गेले, आठशेच्या आसपास बाइट एन्कोडरपाशी थांबले. एकूण सोळा बिलं आणि सतराव्याचं डोकं. खजिनदार सांगत होते ते हेच.

पण हा कोड बराच काळ बिनतक्रार चालला होता, मग आताच काय बिघडलं? तक्रार करणाऱ्या सोसायट्यांची यादी लेखा विभागातल्या सहकारी ताईंना दाखवली. त्यांनी एका नजरेत सांगितलं, "यांच्यात कुणाचीच थकबाकी नाही." खरंच, ज्या सोसायट्यांचे सगळे सभासद वेळेवर पैसे भरतात, त्यांच्याच फाइली तुटल्या होत्या.

धागा ऑटोफ्लशमध्ये, म्हणजे बफर आपोआप रिता (फ्लश) करण्याच्या सोयीत होता. प्रिंटरायटर तयार करताना दुसरं मूल्य ट्रू दिलेलं होतं, आणि सगळ्यांची समजूत अशी की आता प्रत्येक लेखनानंतर बफर आपोआप रिता होतो. तसं होत नाही. ऑटोफ्लश फक्त प्रिंटएलएन, प्रिंटएफ आणि फॉरमॅट या तीन हाकांना ओ देतो. साध्या प्रिंट किंवा राइटला नाही, मजकुरात ओळ संपवणारी चिन्हं असली तरी नाही. मागच्या बदलात नेमकं तेच झालं होतं. लिनक्सवर प्रिंटएलएन ओळीच्या शेवटी लाइनफीड हे ओळ संपवणारं एकच चिन्ह घालतो. काही सोसायट्यांच्या कचेऱ्यांत अजून जुन्या विंडोजचे संगणक आहेत, आणि २०१८ च्या आधीच्या नोटपॅडला नुसता लाइनफीड कळत नाही. सगळं बिल एका ओळीत दिसतं. म्हणून प्रिंटएलएन काढून प्रिंट घातला आणि शेवटी कॅरेज रिटर्न व लाइनफीड दोन्ही हाताने जोडले. हेतू बरोबर होता, पण त्यासोबत फ्लश गेला. फाइलच्या तळाशी येणारी "एकूण थकबाकी व व्याज" ही ओळ मात्र प्रिंटएफनेच लिहिलेली राहिली, आणि ती थकबाकी असेल तरच छापली जाते. ती छापली की दोन्ही बफर रिते होऊन फाइल पूर्ण. चाचणीच्या माहितीत प्रत्येक सोसायटीला थकबाकी दिलेली होती, कारण चाचणी करणाऱ्यांना व्याजाचा हिशेब तपासायचा होता. म्हणून चाचण्या सगळ्या उत्तीर्ण.

खात्रीसाठी टूबाइटअ‍ॅरेच्या आधी स्ट्रीमचा साइझ छापला: ४०,९५७. मध्ये फ्लशची एक ओळ घालून पुन्हा छापला: ५१ हजारांच्या आसपास. मग पाच सदनिकांची, थकबाकी नसलेली चाचणी सोसायटी बनवून जुना कोड चालवला. ७,५०० चिन्हांत वरचा बफर एकदाही भरत नाही, त्यामुळे फाइल शून्य बाइटची. ही चाचणी आता कायमची ठेवली आहे. मेमरीत लिहिणाऱ्या कोडला बफरपेक्षा लहान मजकुराची चाचणी नसेल, तर अशी चूक मोठ्या मजकुराआड दडून राहते.

दुरुस्तीत नुसती फ्लशची ओळ ठेवायला मी तयार नव्हतो. पुढचा माणूस तिच्याखाली आणखी एक ओळ छापेल आणि तीच अडचण परत येईल. प्रिंटरायटर ट्राय-विथ-रिसोर्सेसच्या कंसात घेतला, म्हणजे ब्लॉक संपताना क्लोज होतो आणि क्लोज आधी फ्लश करतो. बाइटअ‍ॅरेआउटपुटस्ट्रीमला क्लोजने काहीच होत नाही, बाइट नंतरही मिळतात. मात्र टूबाइटअ‍ॅरेची हाक ब्लॉकच्या बाहेर, त्याच्या नंतर हवी. आत ठेवली तर क्लोजच्या आधीचेच बाइट हाती येतात. ऑटोफ्लशचं ट्रू काढून टाकलं. मेमरीत लिहिताना त्याचा उपयोग नाही, खोटा भरवसा तेवढा देतं. ओळ संपवणारी चिन्हंही एका छोट्या मेथडमध्ये एकदाच लिहिली.

लहान फाइलींसाठी मला स्ट्रिंगरायटर, म्हणजे बाइटांऐवजी चिन्हांतच मजकूर साठवणारा भाग, जास्त पसंत आहे. प्रिंटरायटरला रायटर दिला तर तो मधले थर घालत नाही, मजकूर थेट स्ट्रिंगरायटरच्या स्ट्रिंगबफरात जातो, विसरायला फ्लश उरतच नाही. शेवटी यूटीएफ-८ सांगून गेटबाइट्स करायचं. हे नाव सांगणं टाळू नये, कारण जावा १८ च्या आधी न सांगितलेलं एन्कोडिंग यंत्राच्या मांडणीवर ठरतं आणि चुकीच्या यंत्रावर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. खर्च मेमरीचा: देवनागरी असलेली स्ट्रिंग दर चिन्हाला दोन बाइट घेते आणि टूस्ट्रिंग, गेटबाइट्स प्रत्येकी नवी प्रत करतात. वीस सदनिकांना हे नगण्य. दोन हजार सदनिकांच्या वसाहतीला ३० लाख चिन्हं होतात, तिथे बाइटांचा स्ट्रीमच बरा. त्याला आरंभीचा आकार द्यावा, नाहीतर तो ३२ बाइटपासून दुप्पट होत, दर वेळी जुना मजकूर नव्या जागी हलवत वाढतो. आणि दुसऱ्या स्ट्रीममध्येच ओतायचं असेल तर टूबाइटअ‍ॅरेऐवजी राइटटू वापरावं, एक प्रत वाचते.

आमचा अहवाल विभाग पायथनमध्ये आहे, तिथलंही तपासून घेतलं. स्ट्रिंगआयओला हा धोका नाही. बाइट्सआयओवर टेक्स्टआयओरॅपर चढवला असेल तर गेटव्हॅल्यूच्या आधी फ्लश हवा, पण क्लोज नको. जावाच्या उलट, इथे रॅपर बंद झाला की खालचा बाइट्सआयओही बंद होतो आणि गेटव्हॅल्यू व्हॅल्यूएरर देतो. सी शार्पमध्ये मेमरीस्ट्रीमवरच्या स्ट्रीमरायटरलाही फ्लश लागतोच. तिथे डिस्पोजनंतर स्ट्रीम बंद झाला तरी टूअ‍ॅरे चालतो. गेटबफर मात्र न वापरलेली जागाही देतो.

बिलं पुन्हा पाठवताना बिल क्रमांक बदलू दिले नाहीत. ते डेटाबेसमधून आधीच दिलेले होते, नवे काढले असते तर सोळा सभासदांकडे एकाच महिन्याची दोन बिलं झाली असती. थकबाकी शून्य असलेल्या सोसायट्यांच्याच फाइली पुन्हा बनवल्या. प्रत्येक फाइलच्या तळाशी आता "एकूण बिले" अशी ओळ बिनशर्त येते. पाठवण्याआधी बाइट परत मजकुरात उलगडून ती ओळ आहे का आणि तिच्यातला आकडा सदनिकांच्या संख्येशी जुळतो का, हे तपासलं जातं. जुळलं नाही तर ईमेल निघत नाही.