तोडण्यापुरतं काम आम्ही घेत नाही : आमची वाटचाल

आमच्या वडिलांची जोगेश्वरीत गवताची वखार होती. दिवाळीनंतर वाडा, मनोर, पालघरकडून ट्रक भरून गवत यायचं आणि गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत म्हशींपुढे पडायचं. गवत वेळेवर कापलंय की फुलोरा झडून गेल्यावर, हे वडील मूठभर काड्या हातात घेऊन सांगत. पुढे तबेले एकेक करून शहराबाहेर निघाले. आमची जुनी गिऱ्हाइकं पालघर, शहापूरकडे जागा घेऊन बसली आणि तिथून त्यांचे फोन येऊ लागले : जमीन आहे, पण नुसती घाणेरी माजलीय, जनावर आत शिरत नाही. वखार बंद करून आम्ही घाणेरी काढून माळावर पुन्हा गवत वसवण्याच्या कामात उतरलो ते त्यांच्यामुळेच.

घाणेरी, म्हणजे लँटानाचं झुडूप, आपल्याकडची नव्हे, अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेली. बुलबुल, साळुंक्या तिची फळं खातात आणि बी लांबवर टाकतात. जमिनीलगत कापली की बुंध्याच्या गड्ड्यातून एकाच्या जागी पुष्कळ फुटवे येतात. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सुजते. म्हणून कापलेली झुडपं उपाशी जनावरांच्या वाटेत पडू देऊ नयेत, हे आम्ही मालकाला पहिल्याच भेटीत सांगतो.

मशीन लावून एका दिवसात माळ सपाट करून देणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. कोकणपट्टीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारावर खरवडलेली माती पहिल्याच पावसात ओढ्याला जाते आणि उघड्या मुरमावर सगळ्यात आधी घाणेरीच उगवते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली पद्धत आम्ही वापरतो. कुदळीने सोटमूळ मातीच्या खाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं, फुटवे येणारा गड्डा वर काढायचा आणि झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. त्याला पुन्हा माती मिळत नाही, ते वाळून जातं. काम उन्हाळ्यात धरतो. आधी काठीने झुडपं झोडपायची, कारण आत घोणस असू शकते. आमची माणसं गमबूट घातल्याशिवाय हात लावत नाहीत. फळं नसलेल्या वाळक्या फांद्या उताराला आडव्या रचल्या की माती अडते.

झाडांना आम्ही कुऱ्हाड लावत नाही. पळस, आपटा, करंज सावलीसाठी राहू देतो. मुंबईच्या हद्दीत तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागते.

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की गवत. मारवेल गवताचे ठोंब रांगेने लावायचे, माळावर पवना गवत आधीच असेल तर ते जपायचं, आणि मधे स्टायलो हा शेंगावर्गीय चारा पेरायचा. स्टायलोच्या बियांचं टरफल कठीण असतं. पेरण्याआधी 80 अंश गरम पाण्यात चार मिनिटं ठेवल्या तर उगवण चांगली होते. सगळी जमीन नांगरायची नाही, जिथे ठोंब तिथेच खड्डा.

खरं काम इथून सुरू होतं, म्हणून करार तीन पावसाळ्यांचा असतो आणि पैसेही तसेच तीन भागांत घेतो. पहिल्या वर्षी एकही जनावर आत सोडायचं नाही. गवत कापून गोठ्यात न्यायचं. मालकांना हे जड जातं. समोर हिरवं दिसतंय आणि जनावरांना सोडायचं नाही! पण ठोंब कोवळा असताना गाय ओढते तेव्हा मुळासकट येतो. श्रावणात टाकळा माजतो. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून शेंगा धरण्याआधी तो कापायचा. त्याआधी कोवळा पाला आमच्या बायका भाजीला नेतात. रानमोडी या दुसऱ्या तणाचं बी वाऱ्यावर जातं, तेव्हा ती फुलण्याआधी उपटायची. घाणेरीची रोपं शोधायची ती आधी झाडांखाली, जिथे पक्षी बसतात. वीतभर रोप हाताने निघतं. तेच राहू दिलं तर पुढच्या वर्षी कुदळ लागते.

दुसऱ्या वर्षापासून माळाचे भाग पाडून आळीपाळीने चराई. गवत चरून चार बोटांवर आलं की गुरं पुढच्या भागात हलवायची. टक्कल पडलेल्या जागेवर ऊन पोचतं आणि झुडूप परत येतं. दाट गवताखाली त्याच्या रोपाला उजेड मिळत नाही. दिवाळीनंतर कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या, काढायच्या, कारण वणव्यात गवत जातं आणि घाणेरी बुंध्यातून पुन्हा फुटते.

‘फक्त साफ करून द्या, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. काही कामं त्यामुळे गेली, जातील. जागा बघायला आम्ही पावसाळ्यात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा येतो, मगच आकडा सांगतो. एकाच वेळी पाहिलं तर जमिनीत काय दडलंय ते कळत नाही.