हत्तीच्या पोटातला स्वर्ग

बँकॉकमध्ये टॅक्सीवाल्याला नुसतं 'एरावान' म्हणालात तर तो बहुतेक तुम्हाला भर शहरातल्या ब्रह्मदेवाच्या देवळीपाशी नेऊन सोडेल. १९५६ सालची ती देवळी, नवस फेडणाऱ्यांची झुंबड, झेंडूच्या माळा, उदबत्त्यांचा धूर. तेही बघाच. आम्हाला मात्र जायचं होतं एरावान म्युझियमला, आणि ते शेजारच्या समुत प्राकान प्रांतात आहे. तिथवर बीटीएसची, म्हणजे खांबांवरून धावणारी, ट्रेन जाते. 'छांग एरावान' स्टेशनला उतरायचं आणि थोडं चालायचं.

बरोबर माझे सासरे होते. गोव्यात, फोंड्याला एकादशीची भजनं सांभाळणारा माणूस. थायलंड म्हटल्यावर 'तिथं आपलं काय आहे?' म्हणून आधी नाकं मुरडली होती. पण सुवर्णभूमी विमानतळावरच समुद्रमंथनाचा तो अवाढव्य देखावा समोर आला. एकीकडे देव, एकीकडे दानव, मध्ये वासुकी. बाबा बॅग तिथेच टाकून वासुकीचं शेपूट कुणाच्या हातात आहे ते बघत राहिले. त्यानंतर पुढचा सगळा प्रवास त्यांनीच आम्हाला समजावून सांगितला, हवं असो वा नसो.

मंथनातून निघालेला ऐरावत म्हणजेच इथला एरावान. बौद्ध परंपरेत त्याला तेहतीस मस्तकं सांगितली आहेत. मूर्तीत सहसा तीन दाखवतात. म्युझियमच्या माथ्यावर उभ्या हत्तीलाही तीनच. "तेहतीस घडवायला तांबं कुठून आणणार?" हा बाबांचा निवाडा. तीन मस्तकांचा हा हत्ती तांब्याच्या पत्र्यांनी मढवलेला, वजन सुमारे २५० टन, लांबी ३९ मीटर, आणि चौथऱ्यासकट उंची चौदा मजली इमारतीएवढी. लांबून तो एकसंध ओतलेला वाटतो. जवळ गेलं की छोटे छोटे पत्रे ठोकून जोडल्याचे सांधे दिसतात, कुठे हिरवट, कुठे तपकिरी. मला तो जवळूनच जास्त आवडला.

हे सगळं उभं करण्याची कल्पना लेक विरियाफान या उद्योजकाची. मोटारींच्या व्यापारात पैसा मिळवला आणि जुन्या मूर्ती, भांडी जमवली. त्या संग्रहाला साजेसं घर म्हणून हे म्युझियम. ते पुरं व्हायच्या आधीच, २००० साली, ते वारले.

आत तीन मजले: पाताळ, पृथ्वी, स्वर्ग. तळघरातलं पाताळ नागांचं. तिथे चिनी मातीची भांडी आणि जुन्या वस्तूंची कपाटं आहेत. खरं सांगायचं तर हा भाग मला उरकल्यासारखा वाटला. मांडणी दुकानासारखी आहे. नागलोक म्हणून अंगावर काटा यावा, असं काही नाही. आमच्याकडे सातेरी देवीच्या देवळात गाभाऱ्यातच वारूळ असतं. पुजाऱ्याने फुलं वाहिलेली ती लाल मातीची रोयण बघताना जमिनीखाली कुणीतरी आहे हे सांगावं लागत नाही.

पृथ्वीच्या मजल्यावर मात्र मी अडकले. गुलाबी भिंती, दोन बाजूंनी वळत वर जाणारे जिने, आणि जिन्यांवरचं सगळं नक्षीकाम चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनी भरलेलं. कप-बश्यांच्या कडा, झाकणांचे गोल, चमच्यांचे देठ चुन्यात बसवून त्यांतून पाकळ्या आणि नागाचे खवले केलेत. एका ड्रॅगनच्या मिशीत बशीची सोनेरी कड ओळखता आली! वर पाहावं तर छतभर रंगीत काच. याकोब श्वार्त्सकोफ या जर्मन कलावंताने तिच्यात पृथ्वी आणि राशीचक्र उतरवलंय.

छत पेलणारे चार खांब कथिलाच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या चित्रांचे. थेरवाद आणि महायान हे बौद्धांचे दोन पंथ, तिसरा हिंदू आणि चौथा ख्रिस्ती. बाकीचे पर्यटक या चौथ्या खांबापाशी थबकत होते. आम्हाला गोंयकारांना त्यात काय नवल! आपल्याकडच्या काही जुन्या चर्चमधलं लाकडी पुल्पित, म्हणजे प्रवचनाचा उंच मंच, नीट बघा: पाद्री उभा राहतो वर, आणि खालून ते तोलून धरतात नागिणी. हिंदू कारागिराच्या हाताला जग असंच रचायची सवय, नाग खाली आणि देवाचा शब्द वर. गिऱ्हाईक बदललं तरी हात कुठे बदलणार?

स्वर्गात जायचं ते हत्तीच्या पायातून. लिफ्ट आहे, गोल जिनाही आहे. पोटात शिरलं की एकदम अंधार आणि गारवा. निळं-काळं घुमटाकार छत, त्यावर रंगवलेलं तारामंडळ, आणि भिंतीकडेने वेगवेगळ्या काळांतले बुद्ध. हा तावतिंस, म्हणजे त्रायस्त्रिंश स्वर्ग: मेरूच्या माथ्यावर इंद्राचं राज्य, तेहतीस देवांची वस्ती. बुद्ध इथे येऊन आईला धर्म सांगून गेले, अशी कथा आहे. बाबांना ती माहीत नव्हती. मी वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, "म्हणजे इंद्राच्या घरात, इंद्राच्या हत्तीच्या पोटात, आणि मूर्ती सगळ्या बुद्धाच्या. इंद्र कुठंय?" मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनीच ठरवलं, की यजमान दाराशी उभा असतो, आत पाहुण्याला बसवतात.

त्यांना गोव्यातल्या तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळातला हत्ती आठवला, खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा. ते कदंब राजांच्या काळातलं काम, काळ्या दगडातलं, हाताच्या वितीत मावेल एवढं. त्याच देवळाच्या छतावरचं कमळ बघायला मान किती वाकडी करावी लागते, यावर ते लिफ्ट खाली येईपर्यंत बोलत होते.

बाहेर बागेत पाण्याने भरलेल्या कुंड्यांत लोक कमळाच्या कळ्या सोडतात, तिकिटाबरोबर आलेल्या. म्युझियम असलं तरी येणारी बरीच थाई माणसं इथे देवळात यावं तशीच येतात, त्यामुळे गुडघ्यावरचे कपडे टाळा.

लेक यांचंच 'मुआंग बोरान', थायलंडभरच्या जुन्या वास्तूंच्या प्रतिकृतींचं प्रचंड आवार, याच मार्गावर पुढे आहे. शेवटच्या स्टेशनला उतरून टॅक्सी करावी लागते. दोन्ही एकाच दिवसात उरकता येतील असं वाटेल, पण मुआंग बोरान सायकलनेसुद्धा संपत नाही. आम्ही ते दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांनी आभार मानले.