उतारावर गेलेले ब्रेक घरी आल्यावर परत आले

बोगद्यातून बाहेर पडलो आणि पहिल्याच वळणावर मला जाणवलं, मागचा ट्रेलर आपल्याला ढकलतोय.

अमेरिकेत डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की ११,१५८ फुटांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो. तो संपला की थेट सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सहा-सात टक्क्यांचा सलग उतार, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी कडेला चढाचे रॅम्प. मी वाईची. पसरणी घाटातून येजा करतच मोठी झाले, उताराची भीती अशी नाही. पण पाठीमागे ५,४०० पौंड, म्हणजे जवळजवळ अडीच टन जोडलेले असले की पोटात गोळा येतो. मी आमच्या सेकोया गाडीचा गिअर खाली आणला, ब्रेक सोडत-दाबत खाली उतरले आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबले. चाकांना जळका वास येत होता. आमच्या चाकांना. ट्रेलरची चाकं हात लावण्याइतकी गार होती.

या ट्रेलरच्या ब्रेकना ना तेल, ना हवा. प्रत्येक चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. आपण गाडीचा ब्रेक दाबला की डॅशबोर्डखालचा कंट्रोलर निळ्या वायरीतून १२ व्होल्टचा प्रवाह सोडतो, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटून ओढला जातो, त्याच्या दांड्याने ब्रेक शू फाकतात आणि ड्रमला घासतात. म्हणजे सगळी मदार वायरीवर.

त्या उतारावर कंट्रोलरच्या स्क्रीनवर ‘एसएच’ अशी अक्षरं उमटून जात होती. एसएच म्हणजे शॉर्ट, वायरीचं उघडं तांबं कुठेतरी धातूला टेकतंय. शॉर्ट दिसला की कंट्रोलर स्वतःला वाचवायला प्रवाह बंद करतो आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. रस्ता गुळगुळीत आला की अक्षरं गायब, ब्रेक परत हजर.

घरी येऊन ट्रेलर एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने जागेवर उभा ठेवून तपासला, ब्रेक थोडे घट्ट केले आणि सगळं ठीक आहे म्हणून परत दिला. त्याच आठवड्यात गावातल्या गावात, रेल्वे फाटक ओलांडताना पुन्हा एसएच. तेव्हा ठरवलं, आता आपणच बघायचं. कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, मीटर धरता येतो.

पहिला प्रश्न, दोष गाडीत की ट्रेलरमध्ये? यासाठी नुसता व्होल्टमीटर लावून फसू नका. गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ काही ओढतच नाही. मी जुन्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घेतला, ट्रेलर सोडवून गाडीच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये निळ्या वायरीची पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यामध्ये लावला. लेक पुढे बसून कंट्रोलरचा हाताने दाबायचा लीव्हर दाबत होती. बल्ब लखलखीत पेटला, वायरी हलवल्या तरी मिणमिणला नाही. गाडी निर्दोष.

मग ट्रेलर परत जोडून निळ्या वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर. तो डीसी मोजणारा हवा; साधे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, ते इथे निरुपयोगी. आमच्या मापाच्या ड्रममधला एक चुंबक सुमारे ३ अँपिअर घेतो. दोन अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचे आडवे दांडे, आणि चार चुंबक, म्हणजे १२ यायला हवेत. आले ११.६. ६ आले असते तर दोन चुंबक मेलेत असं धरून चालले असते. इथे चारही जिवंत होते, आणि मी पुन्हा तिथेच, जिथे तो दुरुस्तीवाला थांबला होता.

रात्री वाईला फोन लावला. बाबा एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते. सगळं ऐकून म्हणाले, “उभ्या गाडीत कसा सापडेल गं? वायर हलते तेव्हाच घासते. तू हलव.”

दुसऱ्या दिवशी चाकांना अडण्या लावून ट्रेलरखाली आडवी झाले. लेक लीव्हर दाबून बसलेली. फ्रेमवरची वायर वीतभर-वीतभर ओढत गेले, आकडा ११.६ वरच. मागच्या अ‍ॅक्सलपाशी आले. तिथे डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे जाणारी वायर अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून जाते. ती चिमटीत धरून हलकेच ओढली, तर आकडा एकदम उडाला आणि लगेच शून्य. पुढून लेक ओरडली, “आई, एसएच! एसएच आलं!”

वायर दोन्हीकडून तोडून बाहेर काढली. नळीत तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं, प्रत्येक खड्ड्याला ती आत आपटत होती. मधोमध इन्सुलेशन घासून गेलेलं, आणि ज्वारीच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडून चकाकत होतं. कारखान्यात वायर अशी सैल टाकणं मला बरोबर वाटत नाही. चार फूट संरक्षक नळी आणि दोन क्लिपा, एवढ्याचं काम होतं ते.

नवी वायर मी अ‍ॅक्सलच्या बाहेरून नेली, पन्हळीच्या प्लॅस्टिक नळीत घालून, दर वीतभर अंतरावर बांधून. जोडांना गरम करून आवळणारे, आत डिंक असलेले कनेक्टर वापरले, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि साधा जोड दोन वर्षांत हिरवा पडतो. हातासरशी शूही जुळवले: जॅक फ्रेमला लावायचा, अ‍ॅक्सलच्या नळीला कधीच नाही, चाक जड होईपर्यंत दातेरी चकती फिरवायची, मग आठ-दहा दाते मागे घ्यायची. शेवटी मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैल वेगाने जाऊन फक्त लीव्हर दाबायचा आणि ट्रेलरची चाकं लॉक व्हायच्या किंचित अलीकडे कंट्रोलरचा जोर जुळवायचा.

पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये काहीच दोष दाखवत नव्हता. तरी त्याचीही वायर त्याच दिवशी बाहेर काढली. मधोमध बोटभर लांबीवर इन्सुलेशन चपटं होऊन पांढरं पडलेलं होतं. तांबं अजून दिसत नव्हतं.