काळ्या गुळाचं गुऱ्हाळ

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गुऱ्हाळ, वडिलांच्या वेळचं. बरीच वर्षं चारचौघांसारखी गेली: रस उकळायच्या काहिलीत हायड्रॉस (गुळाचा रंग पिवळा करणारी रासायनिक पावडर), कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौदा, पिवळ्याधमक रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, भाव. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरा ताप हायड्रॉस बंद केल्यावर सुरू झाला. अडत्यानं रवा फोडला, कण बघितला, तुकडा तोंडात टाकला. म्हणाला, ‘चव एक नंबर हो, पण रंग?’ माल तसाच पडून राहिला. गुजरातला पिवळाच चालतो म्हणे. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण व्यापाऱ्याची नजर रंगावरून हलली नाही.

पाठोपाठ ऊसही सेंद्रिय केला. आडसालीला (पावसाळ्यात लावलेल्या उसाला) शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची. युरियात नत्र 46 टक्के, गांडूळखतात दीडच्या आसपास. म्हणजे नुसत्या गांडूळखतावर भागवायचं तर 26 टनांच्या वर. आणणार कुठनं? ताग गाडला, पाचट (उसाचा वाळला पाला) कुजवली, जिवामृत सोडलं, तरी सुरुवातीला टनेज पडलंच. पडत नाही म्हणणारे भाषणं करतात, ऊस नाही. आणि सेंद्रियात दम नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या सरीतली पाचट उकरून खालची माती एकदा हातात घ्यावी.

तेवढ्यात तालुक्यातल्या एकानं (नाव घेत नाही) युरियावरचाच ऊस गाळला, फक्त हायड्रॉस टाकलं नाही, आणि डब्यावर ‘सेंद्रिय’ छापलं. आमच्यापेक्षा किलोला वीस रुपये कमी! पुण्याचे दुकानदार भराभर तिकडं वळले. काहिलीत रसायन नाही म्हणून रानात नव्हतं, असं होतं का? आमच्याकडं प्रमाणपत्राची फाईल, बांधाकडेला सोडलेला पट्टा, शेजाऱ्याच्या फवारणीच्या नोंदी. त्याच्याकडं छापखाना. त्या हंगामात सोसायटीचं कर्ज थकलं, दिवाळी उलटली तरी चुलवाण पेटलं नाही.

आमचा गूळ करणारे गुळवेमामा तेवढे राहिले. पगाराचं नाव काढलं नाही. रस साफ करायला रानभेंडीची खोडं ठेचून भिजवायची ती त्यांनीच, मळी वर आली की झाऱ्यानं निवळून काढायची तीही त्यांनीच. पोरानं थर्मामीटर आणलाय. काटा 118 अंशांच्या आसपास गेला की पोरगं ओरडतं, ‘मामा, उतरा!’ मामा आपले गार पाण्यात थेंब सोडतात, गोळी वळून वाफ्याच्या (गूळ गार करायच्या हौद्याच्या) कडेवर आपटतात. टण्ण वाजली की मगच काहील उतरते. बहुतेक वेळा दोघांचं जमतं. जमलं नाही तर मामांचं खरं.

नंतर पुण्याच्या एक लाडूवाल्या काकू आल्या. गूळ बघायच्या आधी त्यांनी ऊस दाखवा म्हटलं. तसं आजवर कुणी विचारलं नव्हतं. संक्रांतीची उचल आगाऊ देऊन गेल्या, अजून देतात. त्या पैशावर चुलवाण पेटलं.

नव्या पोरांनो, सगळं रान एकदम सेंद्रिय करू नका, आधी एकरभर करून बघा. डबे छापायच्या आधी फाईल करा. आणि गिऱ्हाइकांनो, पिवळ्याला भुलू नका तसं काळ्यालाही भुलू नका, ऊस कुणाच्या रानातला ते विचारा. जून लागायच्या आत गूळ घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पाणी सुटल्यावर आम्हाला फोन करून उपयोग नाही.