जळणाच्या ढिगातली बोगनवेल

2021 च्या जूनमध्ये आमच्या सोसायटीची कुंपणाची भिंत पाडली, तिच्यासोबत भिंतीवरची जुनी बोगनवेलही गेली. कामगारांनी तुकडे करून गेटपाशी ढीग घातला होता. त्यातला मनगटाहून जाड, फूटभर उंच असा एक वाकडा बुंधा मी बोन्सायसाठी, म्हणजे उथळ ट्रेमध्ये बुटकं झाड वाढवायला, उचलून आणला. ‘‘हे जळण ठेवणार कुठे?’’ एवढंच हे म्हणाले.

मुळं जवळजवळ नव्हतीच. पण बोगनवेलीचा जाड तुकडासुद्धा पावसाळ्यात जीव धरतो, हे ऐकून होते. खालची बाजू करवतीने सपाट केली, वाळू-कोकोपीटमध्ये रोवला, वरून पारदर्शक पिशवी घातली आणि सावलीत ठेवून दिला. तीन आठवड्यांत सालीतून तांबूस कोंब डोकावले, महिन्याभरात बोटभर पालवी. मला वाटलं, जमलं!

जमलं नव्हतं. बुंध्यात साठलेल्या अन्नावर पालवी आधी येते, मुळं मागाहून. मी उतावीळपणे कुंडी बदलायला घेतली आणि माती भसकन सुटली. आत पांढरी मुळं होती, शेवयांसारखी. शेवयांसारखीच तुटली. चार दिवसांत एका बाजूच्या सगळ्या कोंबांनी माना टाकल्या. वरून कितीही छाटा, बोगनवेल ढिम्म असते. मुळांना धक्का लागला की मात्र रुसते. त्यानंतर वर्षभर मी तिला हात लावला नाही.

पुढचा घोळ वरच्या कापाचा. तो तसाच उघडा सोडला होता. लाकूड मऊ, त्यात पाणी मुरलेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा आत गेला. माझ्या मावसभावाची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. त्याला फोन केला. ‘‘अगं ताई, कापल्या कापल्या बोर्डो पेस्ट लावायची ना!’’ म्हणजे मोरचूद आणि चुना. कुजकं लाकूड कोरून काढलं, चांगलं वाळू दिलं, मग ती निळसर पेस्ट फासली. आता तिथे छोटीशी ढोली झालीय आणि येणारे-जाणारे नेमकं तिचंच कौतुक करतात.

तिसऱ्या वर्षी विटांचे बारीक तुकडे, वाळू आणि थोडं शेणखत अशा मिश्रणात ट्रेमध्ये हलवली, या वेळी मुळांचा गड्डा न फोडता. फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळतात, त्या फंदात फारशी पडले नाही. जून फांदी वाकवली की काडकन मोडते, वळवायची ती हिरवी असतानाच.

फुलांचा मात्र पत्ता नव्हता. रोज पाणी, पंधरा दिवसांनी खत, गच्चीवर दिवसभर ऊन. पानं नुसती तरारलेली. दिवाळीत मावसभाऊ आला, गच्चीवर बघून हसला. ‘‘बहर धरायचा तर आम्ही डाळिंबाचं पाणी तोडतो. हिला कधी ताण दिलास का गं?’’

बागेतला ताण आठवडे चालतो. ट्रेमधली वाटीभर माती दोन दिवसांत कोरडी ठक्क. मग मीच हिशेब बसवला. दुपारी पानं लोंबली तरी पाणी नाही. सकाळी पुन्हा ताठ दिसली तर अजून थांबायचं, सकाळीही मलूल असली तर थोडंसंच घालायचं. नत्राचं खत बंद. हे लिहायला सोपं आहे. डोळ्यांसमोर निम्मी पानं गळताना दोनदा चोरून अर्धा तांब्या ओतलाच!

जानेवारी 2024 मध्ये नव्या फुटींच्या शेंड्यांना गुलाबी छटा आली. मग पाणी नेहमीसारखं सुरू केलं, कारण रंग आल्यावर तहान लागली तर तो रंगच गळतो. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर तीन रंगीत पानं. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटून एकेक बारीक नळी, तिच्या तोंडाशी पांढरट चांदणी. तेच खरं फूल. मी भिंग घेऊन सासूबाईंना दाखवलं. ‘‘वास नाही. देवाला काय उपयोगाचं?’’ म्हणाल्या, आणि भिंग परत मागितलं.

पावसाळ्यात ट्रेच्या एका बाजूखाली अर्धी वीट सरकवते, तिरकी ठेवली की पाणी साचत नाही. यंदाचा बहर ओसरला की मिश्रण बदलायचंय. मुळं ट्रेच्या भोकांतून बाहेर आलीत, म्हणजे आता टाळता येणार नाही. त्या शेवया आठवल्या की अजून हात थरथरतो.